राणी रुद्रमादेवी आणि मलकापूरमचा शिलालेख: विद्येला आश्रय नेमका कोणी दिला?

कृष्णाकाठ
नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मध्ययुगातील एका राज्यकर्त्या स्त्रीविषयी बोलण्याचे मी स्वीकारले आहे आणि त्यासाठी वरंगळच्या काकतीय घराण्यातील राणी रुद्रमादेवी (राज्यकाल साधारण इ.स. १२६२ ते १२८९) हिची निवड केली आहे. तिच्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा तलवार, पुरुषी वेष आणि देवगिरीच्या महादेव यादवाशी झालेले युद्ध यांच्याभोवतीच फिरत राहते. मला मात्र मुख्यतः मलकापूरमच्या शिलास्तंभाविषयी बोलायचे आहे.

हा स्तंभ आंध्रात, कृष्णेच्या दक्षिण तीरावर, मंदडमजवळ आहे. लेख शके ११८३ चा, म्हणजे इ.स. १२६१ चा आहे. राजगुरू विश्वेश्वर शंभू या शैव आचार्यांना मंदरम (आजचे मंदडम) आणि वेलंगपूडी ही दोन गावे दान दिल्याची त्यात नोंद आहे. त्या उत्पन्नावर तेथे मंदिर, मठ, विद्यार्थ्यांची सोय, अन्नछत्र, आरोग्यशाळा आणि प्रसूतिशाळा चालवायची होती. ऋग्वेद, यजुर्वेद व सामवेद शिकवणारे तीन अध्यापक, व्याकरण, मीमांसा, तर्क, साहित्य व आगम यांसाठी पाच, शिवाय एक वैद्य आणि हिशेब ठेवणारा एक कायस्थ अशी नेमणूक लेखात आहे.

माझा प्रश्न असा: लेखाच्या वेळी तिचे वडील गणपतिदेव हयात होते. अशा स्थितीत या विद्यापीठासारख्या व्यवस्थेचे श्रेय रुद्रमादेवीला देणे योग्य ठरेल का? की तिला ‘विद्येची आश्रयदात्री’ म्हणताना मी हात राखून बोलावे?

सायली_द
फार चांगला विषय. एक शंका आधीच विचारून घेते, कारण आमच्या घरी ही चर्चा वाचून वडिलांनी लगेच विचारले: हे बुलढाण्याचे मलकापूर नव्हे ना?

कृष्णाकाठ
नव्हे, हे गुंटूरकडचे मलकापूरम. व्याख्यानातही हा प्रश्न येणारच, तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकावे लागेल. आपल्या वडिलांना नमस्कार सांगावा.

मूळाक्षर
माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही, पण व्याख्यानाच्या आधी ते ऐकून ठेवलेले बरे. मलकापूरमच्या लेखाचा खरा नायक विश्वेश्वर शंभू आहे. लेखाचा मोठा भाग गोळकी मठाच्या, म्हणजे ज्या शैव मठाचे ते आचार्य होते त्याच्या, गुरुपरंपरेने व्यापलेला आहे: नर्मदेकाठच्या डाहल मंडलातील तो मठ, कलचुरी राजा युवराजदेवाने सद्भाव शंभूंना दिलेली भिक्षा, पुढे सोमशंभू, वामशंभू आणि अशी मालिका थेट विश्वेश्वरांपर्यंत येते. गावे मिळाल्यानंतर ब्राह्मण कुटुंबे वसवणारे, उत्पन्नाची वाटणी करणारे आणि अध्यापक नेमणारे तेच आहेत. गणपतिदेवाने त्यांच्याकडून शैव दीक्षा घेतली होती आणि तो स्वतःला त्यांचा पुत्र मानत असे. म्हणजे योजना गुरूची, भक्ती वडिलांची, आणि मुलीच्या वाट्याला आली ती दानाची अंमलबजावणी. राजघराण्यातील व्यक्तीच्या नावे दान झाले म्हणून ती व्यक्ती विद्येची आश्रयदात्री ठरवायची, तर मध्ययुगातील जवळजवळ प्रत्येक राजा विद्याप्रेमी ठरेल.

पोथीवाचक
मूळाक्षर यांच्याशी निम्मा सहमत आहे. परंतु एक तपशील त्यांच्या मांडणीत दबून गेला, तो असा की गणपतिदेवाने मंदरम गाव देण्याचे केवळ तोंडी वचन दिले होते. ते प्रत्यक्ष दान करून दानपत्र करून दिले ते रुद्रमादेवीने, आणि त्यात वेलंगपूडी हे दुसरे गाव तिने स्वतःहून घातले. लेखातच हा भेद केलेला आहे. लेख कोरवून घेणाऱ्यांना सगळे श्रेय वयोवृद्ध सम्राटाला देता आले असते, पण त्यांनी तसे केले नाही.

न्यासलेखा
या चर्चेत मी इतिहासकार म्हणून नव्हे, तर सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्यात नोकरीची सगळी वर्षे घालवलेला माणूस म्हणून लिहितो. तोंडी वचन आणि नोंदलेले दानपत्र यांत किती अंतर असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पोथीवाचक यांचा मुद्दा किरकोळ वाटणार नाही. एका मोठ्या देणगीदाराने सभेत, टाळ्यांच्या गजरात, शाळेसाठी जमीन देण्याचे जाहीर केले आणि त्याच्या मागे वारसांनी ती नाकारली, असे प्रकरण मी हाताळलेले आहे. शाळा शेवटपर्यंत भाड्याच्या खोल्यांत राहिली. वडिलांचे तोंडी वचन वारस पाळतोच असे नाही, आणि राजघराण्यात तर नवीन राज्यकर्त्यापुढे निकडीच्या गरजा उभ्या असतात. नदीकाठची सुपीक जमीन सरदारांना देऊन त्यांची निष्ठा विकत घेण्याचा मार्ग तिला मोकळा होता.

दुसरे म्हणजे, मला या लेखातील सर्वांत बोलका माणूस तो कायस्थ वाटतो. वेदांचे अध्यापक नेमणारे दानलेख पुष्कळ आहेत. त्यांच्याबरोबर वैद्य आणि हिशेबनीस यांची पदे दानाच्या मूळ अटींतच बसवणे, ही संस्था चालावी अशी इच्छा असणाऱ्याची खूण आहे. तसेच, दानाची जमीन ब्राह्मण कुटुंबांना दिल्यानंतर उरलेल्या भागाचे तीन वाटे केले होते: एक मंदिरासाठी, दुसरा विद्यार्थी व मठासाठी, तिसरा प्रसूतिशाळा, आरोग्यशाळा आणि अन्नछत्रासाठी. खर्चाचे शीर्षकच वेगळे ठेवले की देवाच्या उत्सवासाठी रुग्णांचा पैसा वळवता येत नाही. आजच्या न्यासांच्या घटनेत मला एवढी स्पष्टता क्वचित दिसली.

मूळाक्षर
न्यासलेखा यांचा अनुभव मौल्यवान आहे, पण तीन वाटे करण्याची कल्पना पुन्हा आचार्यांचीच, हे कृपया विसरू नये.

न्यासलेखा
ते मान्य. परंतु अशा आचार्याला अशी मोकळीक देणे, हेही आश्रयदात्याचेच काम असते. ज्याने पैसे दिले त्यानेच अभ्यासक्रम ठरवला, तर तो आश्रय राहत नाही, ती मालकी होते.

भाग्यनगरकर
हैदराबादेतून लिहितो, आमच्या घरातील चौथी पिढी येथे मराठी बोलते आणि तेलुगूही. रुद्रमादेवी येथे शालेय पुस्तकांपासून चौकातील पुतळ्यांपर्यंत सर्वत्र आहे, त्यामुळे तिच्याविषयीची श्रद्धा मला जवळून माहीत आहे. व्याख्यानात एक गोष्ट अवश्य सांगावी. ज्या वेलंगपूडीचे दान तिने स्वतःहून दिले, तेच आजचे वेलगपूडी आहे, आणि आंध्र प्रदेशाचे सचिवालय व विधानसभा आज त्याच गावात भरते. अमरावती राजधानीच्या बातम्यांत मंदडमचे नावही सतत येते. तेराव्या शतकात शैव मठाला आणि पाठशाळेला दिलेली जमीन आज राज्याच्या कारभाराचे केंद्र झाली आहे, हे ऐकले की श्रोते सावरून बसतील.

आणि ती राणी कवी तिक्कनाची आश्रयदात्री होती, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नये. महाभारताचे तेलुगू रूपांतर पुढे नेणारा तिक्कन नेल्लोरच्या मनुमसिद्धीच्या पदरी होता. तो मदत मागण्यासाठी गणपतिदेवाकडे आल्याची परंपरा आहे, पण ती वडिलांच्या काळातील. अलंकारशास्त्रावर लिहिणारा विद्यानाथ तिचा नातू प्रतापरुद्र याच्या दरबारातील. नृत्यावरचा संस्कृत ग्रंथ लिहिणारा जायप सेनानी गणपतिदेवाचा हत्तीदळाचा अधिकारी.

अश्मक
मग नेमका येथेच कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचा गाभा आहे, असे मला वाटते. वडिलांच्या दरबारात जायप, नातवाच्या दरबारात विद्यानाथ, आणि मधल्या सत्तावीस वर्षांत तिच्या नावाशी निर्विवादपणे जोडता येईल असा एकही मोठा ग्रंथकार नाही. तरीही तिला विद्येची आश्रयदात्री म्हणायचे का?

कृष्णाकाठ
अश्मक, आपण प्रश्न माझ्यापेक्षा नेमकेपणाने मांडलात. माझे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते का हे लिहितो.

दरबारी कवीला आश्रय दिला की त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या श्लोकात राजाचे नाव येते आणि ते शतकानुशतके टिकते. व्याकरण शिकवणाऱ्या अध्यापकाला आश्रय दिला, तर त्याचे विद्यार्थी घडतात आणि त्यांच्यापैकी कोणीही राणीचे नाव ग्रंथात घालत नाही. आपण इतिहासात विद्याश्रय शोधतो तो पहिल्या प्रकारच्या पुराव्यावरून, म्हणून आपल्याला कवी पोसणारे राजे दिसतात आणि शिक्षक पोसणारे दिसत नाहीत. मलकापूरमचा लेख हा दुसऱ्या प्रकारचा, दुर्मीळ पुरावा आहे. त्यात आठही अध्यापकांची नावे नाहीत, फक्त विषय आहेत, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. व्यक्ती गेली तरी पद राहावे अशी ती रचना आहे.

आणखी एक. त्या गावात कोण कोण एकत्र आले ते पाहावे. आचार्य मूळचे गौड देशातील राढा प्रांताचे, म्हणजे बंगालचे. मठाची परंपरा नर्मदेकाठच्या डाहल देशाची. वसवलेली ब्राह्मण कुटुंबे द्राविड. मंदिराच्या सेवेत नर्तकी, मृदंगवादक आणि गायिकांबरोबर एक काश्मिरी. हे सर्व कृष्णेच्या तीरावर, तेलुगू प्रदेशात. विद्येची माणसे किती दूरवरून येत आणि त्यांना स्थिर करण्यासाठी जमीन किती आवश्यक होती, हे यावरून समजते.

मूळाक्षर
ही मांडणी मला पटते, फक्त तिच्यातील मर्यादाही श्रोत्यांना सांगावी. अन्नछत्र ब्राह्मणांपासून चांडाळांपर्यंत सर्वांसाठी खुले होते, असे लेख सांगतो. वेदाध्यापकांसमोर मात्र कोण बसणार, हे त्या काळी ठरलेलेच होते. अन्न सर्वांना आणि वेद काहींना, ही त्या व्यवस्थेची रचना होती. आपण तिला आजच्या अर्थाने सार्वजनिक विद्यापीठ म्हटले, तर लेखाशीही अन्याय होईल आणि जे बाहेर राहिले त्यांच्याशीही.

सायली_द
हे सांगायलाच हवे. तरी मला त्यातील प्रसूतिशाळेजवळ थांबावेसे वाटते. मी परिचारिका आहे आणि बाळंतपणाच्या कक्षातच बरीच वर्षे काम केले आहे. तेराव्या शतकातील दानपत्रात बाळंतिणींसाठी वेगळी जागा नमूद करावीशी कोणाला तरी वाटली, आणि दान देणारी व्यक्ती स्वतः मुलींची आई असलेली स्त्री होती. हा केवळ योगायोग आहे असे मानायला माझे मन तयार होत नाही. मूळाक्षर म्हणतील की तीही कल्पना आचार्यांची. असेल. पण जमीन तिची होती.

गोदातीर
चर्चा ज्ञानावर आहे याची जाणीव ठेवून देवगिरीचा विषय काढतो, कारण मराठी श्रोत्यांसमोर तो टाळता येणार नाही. महादेव यादवाने (इ.स. १२६१ ते १२७१) तेलंगणावर स्वारी केली. हेमाद्री पंडिताने आपल्या चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथातील व्रतखंडाच्या राजप्रशस्तीत (राजाच्या स्तुतीत) लिहिले आहे की महादेवाने तेलंग राजाचे हत्ती आणि पंचमहावाद्ये हरण केली, परंतु रुद्रमेला ती स्त्री आहे म्हणून सोडून दिले. आपण हे महादेवाच्या औदार्याचे उदाहरण म्हणून शिकलो. तेलुगू प्रतापरुद्रचरित्र नेमके उलट सांगते: तिने वरंगळच्या वेढ्यातून यादव सैन्य पिटाळले, देवगिरीपर्यंत पाठलाग केला आणि एक कोटी सुवर्णनाण्यांची खंडणी घेतली.

अश्मक
प्रतापरुद्रचरित्र फार नंतरचे आहे आणि त्यातील आकडे फुगवलेले आहेत. परंतु हेमाद्री हा महादेवाचाच श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी, होता, आणि स्वामीचा पराभव प्रशस्तीत लिहिण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे तिसरा साक्षीदार महत्त्वाचा ठरतो. बीदरच्या किल्ल्यातील एका खंडित कानडी लेखात सिंद घराण्यातील भैरव नावाचा सरदार स्वतःला रुद्रमादेवीचा सेवक म्हणवतो आणि तिच्या मोहिमांचा उल्लेख करतो. बीदर हा पूर्वी यादवांचा प्रदेश. जिला ‘स्त्री म्हणून सोडून दिले’ तिच्या सरदाराचा लेख यादवांच्या मुलखात कसा आला, याचे उत्तर हेमाद्रीच्या श्लोकात मिळत नाही.

गोदातीर
म्हणूनच मला वाटते की व्याख्यानात हा श्लोक अवश्य सांगावा आणि त्याच्या शेजारी बीदरचा लेख ठेवावा. देवगिरी आपली आहे, हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी हा आपल्या विद्वत्तेचा अभिमानबिंदू आहे, पण त्या अभिमानापोटी शेजारच्या राणीचा विजय आपण दयेच्या खात्यावर मांडू नये.

खानदेशी
विद्याश्रयाची तुलना करायची असेल तर घरचे उदाहरण आहे. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ.स. १२०७ चा लेख पाहावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे सिद्धांतशिरोमणी व इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तेथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारात येणाऱ्या मालावरील कोणता वाटा मठाला द्यायचा, हे त्यात सांगितले आहे. एक संस्था कृष्णेकाठी शेतीच्या उत्पन्नावर, दुसरी खानदेशात बाजारपेठेच्या उत्पन्नावर. काळात अर्ध्या शतकाचे अंतर. एक आठ विषयांची, दुसरी मुख्यत्वे एका कुळाच्या ग्रंथांची. व्याख्यानात या दोहोंना शेजारी बसवल्यास श्रोत्यांना तेलंगण परके वाटणार नाही.

मैथिली_वाचन
मी थोडी वेगळी बाजू मांडते. विद्वत्तेला आश्रय देणाऱ्या राणीविषयीच बोलायचे असेल, तर मिथिलेच्या ओइनवार घराण्यातील विश्वासदेवीचे नाव आधी यायला हवे. पंधराव्या शतकात तिने राज्य केले आणि कवी विद्यापती तिच्या आश्रयाला होता. शैवसर्वस्वसार हा ग्रंथ त्याने तिच्यासाठी लिहिला. गंगावाक्यावली तर राणीच्याच नावावर आहे, आणि विद्यापतीने ती प्रमाणांनी निर्मळ केली, असे ग्रंथाच्या शेवटी म्हटले आहे. म्हणजे ती आश्रयदात्री होतीच, शिवाय ग्रंथकर्त्री म्हणूनही तिचा दावा उभा आहे. त्याच घराण्यातील धीरमतीच्या आज्ञेने दानवाक्यावली झाली. पुढे गढ्याच्या राणी दुर्गावतीच्या आश्रयाने पद्मनाभ मिश्राने दुर्गावतीप्रकाश लिहिला. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत (म्हणजे शास्त्रवचनांच्या संकलनांत) राण्यांची अशी मालिकाच दिसते, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे म. म. पां. वा. काणे यांनी या ग्रंथांची दखल घेतलेली आहे. रुद्रमादेवीच्या नावावर यांतील एकही गोष्ट नाही.

पोथीवाचक
मैथिली_वाचन यांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा आहे. विश्वासदेवीविषयी स्वतंत्र धागा निघावा. तरीही मला दोघींत एक मूलभूत भेद दिसतो. मिथिलेत विद्वान कुळे पिढ्यान्‌पिढ्या होती आणि राजसत्ता त्यांच्याकडून ग्रंथ मागवत होती. आंध्रात काकतीयांना दूरच्या प्रदेशातून आचार्य आणून, जमीन देऊन, विद्येचे नवे ठाणे उभारावे लागले. दोन्ही कामे विद्याश्रयाचीच, पण त्यांचे मोजमाप वेगळे.

भाग्यनगरकर
आणि तिची परिस्थितीही लक्षात घ्यावी. गणपतिदेवाला मुलगा नव्हता. तिला ‘रुद्रदेव महाराज’ या पुल्लिंगी नावाने लेखांत संबोधले गेले, याचे कारण सरदारांना स्त्रीची सत्ता सहन होत नव्हती हेच असावे. तिचा विवाह निडदवोलूच्या चालुक्य घराण्यातील वीरभद्राशी झाला, पण राज्य तिने पित्याच्या गादीवर स्वतः केले. मार्को पोलोने मोटुपल्ली या बंदराच्या राज्याविषयी लिहिताना न्याय आणि शांतता यांची आवड असलेली राणी म्हणून तिचे कौतुक केले, मात्र तिला राजाची विधवा म्हटले. ती वस्तुतः राजाची मुलगी होती. कायस्थ नावाच्या सरदार घराण्यातील (वर आलेला हिशेबनीस कायस्थ नव्हे) अंबदेवाने शेवटी उघड बंड केले. नलगोंडा जिल्ह्यातील चंदुपट्लाच्या नोव्हेंबर १२८९ च्या लेखात राणी आणि तिचा सेनापती मल्लिकार्जुन नायक शिवलोकी गेल्याची एकत्र नोंद आहे, आणि त्यावरून ती वृद्धापकाळी अंबदेवाविरुद्धच्या मोहिमेत रणांगणावर मृत्यू पावली असावी असे अभ्यासक मानतात. इतक्या अस्थिर राज्यात मठाच्या जमिनीला धक्का न लावणे हीसुद्धा एक कृती आहे.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्याख्यानाची रूपरेषा आता बदलली आहे. सुरुवात मलकापूरमच्या स्तंभापासून करीन. तोंडी वचन आणि प्रत्यक्ष दान यांतील फरक न्यासलेखा यांनी सांगितला त्याच क्रमाने मांडीन. हेमाद्रीचा श्लोक आणि बीदरचा लेख एकत्र वाचून दाखवीन. पाटणचा मठ तुलनेसाठी घेईन. वेदाध्ययन सर्वांसाठी नव्हते, हे मूळाक्षर यांच्या शब्दांइतक्याच स्पष्टपणे सांगेन. ‘आश्रयदात्री’ हे विशेषण मी ठेवणार आहे, हात न राखता.

मूळाक्षर
ठेवा. मात्र विश्वेश्वर शंभूंचे नाव त्याच वाक्यात असू द्यावे, एवढीच विनंती.

मैथिली_वाचन
विश्वासदेवीवरील धागा मी येत्या रविवारी काढते. पोथीवाचक आणि मूळाक्षर यांनी तेथे यावे, कारण गंगावाक्यावलीचे कर्तृत्व राणीचे की विद्यापतीचे, यावर आपले एकमत होणार नाही अशी मला खात्री आहे.